मेथ सोडताना गोळी काय करते आणि थेरपी काय करते

मेथ घेणाऱ्या माणसाला घरचे पहिल्यांदा डॉक्टरांकडे घेऊन जातात, तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "हे सुटायला एखादी गोळी नाही का?" प्रश्नात वावगं काहीच नाही. दारूसाठी गोळ्या आहेत, हेरॉइनसाठी आहेत, सिगारेट सोडायला तर निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. मग मेथवाल्यांनीच काय घोडं मारलंय?

उत्तर थोडं अडनिडं आहे. मेथच्या, म्हणजे मेथॲम्फेटामाइन या उत्तेजक नशेच्या व्यसनावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. पण म्हणून डॉक्टर हात बांधून बसलेले नसतात. नैराश्यासाठी, दारूसाठी, झोपेसाठी बनलेली काही औषधं मेथ सोडताना कामाला येतात. अट एकच, त्यांच्या जोडीला थेरपी हवी. औषधाचं काम माणूस समुपदेशकासमोरच्या खुर्चीत तासभर बसू शकेल इतपत त्याला स्थिर करणं. पुढचं काम त्या खुर्चीत बसून करायचं असतं. आणि गोळ्या नीट घेतल्या जाण्यामागेही बऱ्याचदा ती खुर्चीच असते. हा दुसरा भाग घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

हेरॉइनचं जमलं, मेथचं का जमत नाही?

हेरॉइन मेंदूतल्या ठरावीक कुलपांना जाऊन बसतं. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फीन त्याच कुलपात बसतात, पण सावकाश आणि बेताने. तलफ शमते, 'टर्की' म्हणजे नशा थांबल्यावरचा अंगाचा त्रास येत नाही, आणि माणूस कामाला जाऊ शकतो. तिथे एकट्या औषधानेही बरीच मजल मारता येते.

मेथ कुलपाशी थांबत नाही, ते पेशीच्या आत घुसतं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. काही चांगलं घडलं, किंवा घडेल असं वाटलं, की थोडं डोपामिन पेशीबाहेर सोडलं जातं. निरोप पोचला की एक पंप ते ओढून परत आत घेतो. मेथ या पंपातूनच आत शिरतं, आतल्या पिशव्या रिकाम्या करायला लावतं आणि पंपच उलटा फिरवतं. आत घेणारी मोटर बाहेर फेकू लागते. शिवाय ते शरीरात टिकतं फार. कोकेनचं रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं, मेथला त्यासाठी दहा ते बारा तास लागतात. पंप किती वेळ उलटा फिरत राहत असेल, याचा अंदाज यावरून येईल.

इतका पूर रोज आला तर मेंदू आपल्या बाजूने बंदोबस्त करतो. डोपामिन ऐकणारी केंद्रं कमी करतो, पंपही कमी होतात. मग मेथ थांबवल्यावर जे उरतं त्याला दुःख म्हणता येणार नाही. ते बेचवपण असतं. जेवण, गप्पा, स्वतःच्या मुलाचं हसणं, कशानेच आत काही हलत नाही. "बरं वाटतंय का?" असं विचारलं तर माणूस नुसता बघत राहतो. तो तुसडा झालेला नसतो, त्याला खरंच काही वाटत नसतं.

यात सुधारणा होते का? होते, पण हळू. नोरा व्होल्को या मेंदू-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेथ सोडलेल्या पाच जणांच्या मेंदूचे स्कॅन काढले होते. सोडल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत एकदा, आणि मग बारा ते सतरा महिन्यांनी पुन्हा. दुसऱ्या खेपेला पंपांची संख्या बरीच सावरलेली दिसली. मात्र स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा नव्हती. माणसं फक्त पाच, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी मोजमाप महिन्यांत आणि वर्षात करायचं, आठवड्यांत नाही, एवढं त्यातून कळतं.

पहिले पंधरा दिवस

सोडल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत माणूस झोपतो. चौदा-पंधरा तास झोपतो, उठून भरपूर खातो, पुन्हा झोपतो. दारू किंवा हेरॉइन सोडताना होतात तशा उलट्या नाहीत, थरथर नाही, अंगदुखी बेताची. आठवडा-दहा दिवसांत चेहऱ्यावर रंग येतो आणि घरात आनंदीआनंद: "सुटलं बुवा एकदाचं!"

हा काळ फसवा आहे. झोप आणि भूक ताळ्यावर येते, बेचवपण आणि तलफ राहतेच. याच दिवसांत मन खोल गर्तेत जाऊ शकतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येऊ शकतात. तो तसं काही बोलला तर 'नाटक' समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या टप्प्यात औषधं प्रामुख्याने आधाराला असतात: नैराश्य असेल तर त्यावर, झोपेची घडी बसवायला.

काहींना संशयाचे झटके येतात, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटतं, आवाज ऐकू येतात. तेव्हा ओलान्झापीन किंवा रिस्पेरिडोनसारखी औषधं देतात आणि ती उपयोगी पडतात. पण ती भ्रमावरची औषधं आहेत, व्यसनावरची नव्हेत. हा फरक लक्षात राहिला नाही तर "गोळ्या चालू होत्या तरी परत घेतलं, म्हणजे गोळ्या बिनकामाच्या" असा उफराटा निष्कर्ष निघतो. मुळात त्या गोळ्यांना ते काम सांगितलंच नव्हतं.

मग व्यसनावरची औषधं कोणती?

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती दोन औषधांच्या जोडीची: नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपियॉन. नाल्ट्रेक्सोन दारू आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात वापरतात; नशेतल्या 'मजे'चा एक धागा ते तोडतं. ब्युप्रोपियॉन नैराश्यावर आणि सिगारेट सोडायला देतात. ते डोपामिन थोडा जास्त वेळ बाहेर राहू देतं, म्हणजे त्या बेचवपणावर थोडी फुंकर. (ब्युप्रोपियॉन आणि वर आलेलं ब्युप्रेनॉर्फीन ही दोन अगदी वेगळी औषधं आहेत. चिठ्ठी वाचताना गफलत होते, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

या जोडीची मोठी चाचणी जानेवारी २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतले ४०३ लोक त्यात होते. बहुतेक दिवस मेथ घेणारे, पण सोडायची इच्छा असलेले. दर तीन आठवड्यांनी नाल्ट्रेक्सोनचं ३८० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि रोज ब्युप्रोपियॉनच्या ४५० मिलिग्रॅमच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या, असा एक गट. दुसऱ्याला दिसायला तेच, पण आत औषध नाही. शेवटच्या टप्प्यात लघवीच्या चार तपासण्यांपैकी किमान तीन स्वच्छ आल्या तर उपचार लागू पडला असं धरायचं होतं. औषधाच्या गटात तसे १३.६ टक्के निघाले, दुसऱ्या गटात २.५ टक्के.

हे आकडे वाचून दोन प्रकारची माणसं दोन टोकांना जातात. एक म्हणतात, पाचपटीहून जास्त फरक! दुसरे म्हणतात, शंभरातल्या शहाऐंशींना काहीच फायदा नाही. दोन्ही खरं आहे. मला विचाराल तर, जिथे हाताशी काहीच नव्हतं तिथे साधारण नऊ जणांना औषध दिल्यावर एक जण जास्तीचा सावरतो, हे थोडं नाही. आणि उरलेल्या आठांसाठी आणखी काहीतरी लागणार, हेही तेवढंच उघड आहे.

दुसरं नाव मिर्टाझापीनचं. हीही नैराश्यावरची गोळी, रात्री घ्यायची, झोप आणि भूक सुधारणारी. सॅन फ्रान्सिस्कोत तिच्या दोन चाचण्या झाल्या. २०११ मध्ये साठ लोकांवरची प्रसिद्ध झाली, २०२० मध्ये एकशेवीस लोकांवरची. दोन्हींत मेथचा वापर कमी झाला. यात एक गंमत आहे, आणि मला ती आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. दोन्ही चाचण्यांत लोकांनी ठरलेल्या गोळ्यांपैकी निम्म्याही घेतल्या नव्हत्या. उलट नाल्ट्रेक्सोनच्या चाचणीत तीन-चतुर्थांशाहून जास्त डोस घेतले गेले, कारण तिथे इंजेक्शन होतं, गोळी घेतल्याची मोबाइलवरून नोंद होती आणि आठवड्याला भेट होती. औषध चांगलं की वाईट हा प्रश्न 'ते पोटात गेलं का' या प्रश्नानंतरचा आहे.

फसलेल्या औषधांची यादी बरीच लांब आहे, त्यातलं एकच उदाहरण देतो. नैराश्यावरचं सर्ट्रालिन हे औषध मेथच्या व्यसनात वापरून पाहिलं गेलं. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सर्ट्रालिनच्या गटातले लोकच उपचार जास्त प्रमाणात अर्धवट सोडून गेलेले दिसले. म्हणून शेजाऱ्याच्या नैराश्याच्या गोळीने त्याला बरं वाटलं, तर तीच आणून घरच्याला द्यावी, असं चालत नाही. एका कुटुंबातल्या दोन औषधांचा मेथवरचा परिणाम उलटसुलट असू शकतो.

काचेच्या भांड्यातल्या चिठ्ठ्या

आता थेरपीकडे वळू. इथे एक मजेशीर सत्य आहे: मेथच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा गोळीच्या बाजूने नाही आणि खोल मनोविश्लेषणाच्या बाजूनेही नाही. तो आहे बक्षिसाच्या बाजूने. शास्त्रीय नाव कंटिन्जन्सी मॅनेजमेंट. अमेरिकेतल्या व्यसनतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये मिळून मार्गदर्शिका काढली, तिनेही उत्तेजक नशांसाठी हीच पद्धत सगळ्यात वर ठेवली.

नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंनी रूढ केलेला त्याचा प्रकार असा. टेबलावर एक मोठं भांडं, त्यात पाचशे चिठ्ठ्या. माणूस आठवड्यातून दोन-तीनदा येतो, लघवीचा नमुना देतो. नमुना स्वच्छ निघाला की भांड्यात हात घालायचा. पाचशेपैकी अडीचशे चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास' असं लिहिलेलं. दोनशे नऊ चिठ्ठ्यांवर छोटी बक्षिसं, एखाद्या डॉलरची. चाळीसांवर वीस डॉलरच्या आसपासची वस्तू. आणि एकच चिठ्ठी मोठ्या बक्षिसाची. सलग जितके नमुने स्वच्छ, तितक्या जास्त चिठ्ठ्या काढायला मिळतात. एक नमुना खराब आला किंवा भेट चुकली, की पुन्हा एका चिठ्ठीपासून सुरुवात.

"म्हणजे नशा न करायचे पैसे देता?" असं कुणीही विचारेल. मीही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नाक मुरडलं होतं. पण बेचवपण आठवा. या माणसाला "सहा महिन्यांनी तुझं आयुष्य सुधारेल" हे बक्षीस पोचतच नाही, फार लांब आहे. मेथचं बक्षीस काही मिनिटांत मिळतं. त्याला टक्कर द्यायची तर समोरचं बक्षीसही आजच, इथेच, हातात मिळायला हवं. चिठ्ठी उलगडतानाची धाकधूक हे नैसर्गिक डोपामिनच, थोडंसं. रक्कम किरकोळ असते, पण येण्याचं कारण मिळतं. एकदा माणूस येत राहिला की बाकीचं काम करता येतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्य योजनेने २०२३ पासून हे सुरू केलं, वर्षाला कमाल ५९९ डॉलरपर्यंत.

याची दुखरी बाजू म्हणजे बक्षिसं थांबली की परिणामही ओसरू लागतो. म्हणून ते चालू असतानाच दुसरी थेरपी रुजवावी लागते.

शुक्रवार मागून पुढे वाचायचा

ती दुसरी थेरपी बहुधा सीबीटी असते, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, आपले विचार आणि सवयी तपासून बदलायला शिकवणारी. नाव मोठं, पण काम बारीकसारीक तपशिलाचं. समजा, सात आठवडे स्वच्छ राहिलेल्या एकाने शुक्रवारी रात्री मेथ घेतलं. सोमवारी तो खाली मान घालून येतो. समुपदेशक विचारतात, "कधी ठरवलंत?"

"ठरवलं नव्हतं. झालं."

"बरं. दहा वाजता घेतलंत. साडेआठला कुठे होतात?"

मित्राच्या खोलीवर. सहाला? फोन हातात, काढून टाकलेला नंबर पाठ निघाला. चारला? पगार जमा झाल्याचा मेसेज आला होता. दुपारी? डोकं जड, वरिष्ठांशी खटका उडाला. का जड? रात्री झोपच नव्हती. आणि बुधवारी? तीही रात्र जागून गेली. "गोळी?" इथे तो घुटमळतो. मंगळवारपासून बंद केली होती. सकाळी सुस्ती यायची, कामावर डुलक्या लागायच्या.

त्याच्या मते घसरण शुक्रवारी रात्री दहाला झाली. कागदावर ती मंगळवारी सुरू झालेली दिसते, एका न घेतलेल्या गोळीपासून. समुपदेशक त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावतात. डॉक्टर गोळी झोपताना घेण्याऐवजी संध्याकाळी लवकर घ्यायला सांगतात आणि पुढच्या आठवड्यात बोलावतात. पगाराच्या दिवसासाठी वेगळी योजना ठरते: पैसे बहिणीच्या खात्यात, सहा ते नऊ घराबाहेर एकटं राहायचं नाही.

औषध आणि थेरपी सोबत म्हणजे प्रत्यक्षात हे. फक्त औषध चालू असतं तर डॉक्टरांनी महिन्याने "पुन्हा घेतलं, गोळी लागू पडली नाही" असं लिहून गोळी बदलली असती. फक्त थेरपी असती तर तीन रात्री न झोपलेल्या माणसाला तलफ कशी ओळखावी हे शिकवण्यात तास गेला असता.

दोन्ही एका छताखाली असतील तर उत्तम. नसतील तर डॉक्टर आणि समुपदेशकाने एकमेकांशी बोलावं, अशी लेखी परवानगी पहिल्याच भेटीत द्यावी. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेकांचं राहून जातं.

गटात बसणं, कुटुंबाचे वर्ग, सीबीटी आणि लघवीची तपासणी असं सगळं सोळा आठवड्यांत बांधणारी मॅट्रिक्स नावाची पद्धतही आहे, १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसला आकाराला आलेली. ९७८ लोकांवरच्या तिच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. उपचार चालू असताना ती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली, लोक टिकले, नमुने जास्त स्वच्छ आले. सहा महिन्यांनी पाहिलं तर फरक पुसला गेला होता. सोळा आठवड्यांचा कोर्स झाला की सुटलो, हा समज इथेच गळून पडतो.

घरच्यांच्या शंका

"एक व्यसन सोडवायला दुसऱ्या गोळीचं व्यसन?" ही शंका हमखास येते. वर आलेली ब्युप्रोपियॉन, नाल्ट्रेक्सोन, मिर्टाझापीन ही औषधं ठरल्या मात्रेत नशा देत नाहीत आणि त्यांची तलफ लागत नाही. मेथच्याच जातकुळीतली उत्तेजक औषधं मोजून-मापून द्यायची, असेही प्रयोग झाले आहेत. ती मात्र खास देखरेखीखालीच द्यायची असतात. कुणाला लहानपणापासून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं, कारण उपचाराचा मार्ग त्याने बदलू शकतो.

दुसरी चूक म्हणजे बरं वाटलं की गोळी बंद. ब्युप्रोपियॉन असो की मिर्टाझापीन, डॉक्टरांना न विचारता सुरूही करू नये आणि थांबवूही नये. ब्युप्रोपियॉनने फिट येऊ शकते. पूर्वी फिट आलेली असेल, खाण्याचा विकार असेल, किंवा रोजची भरपूर दारू नुकतीच एकदम बंद केली असेल, तर हे लपवणं महागात पडतं. मिर्टाझापीनने वजन वाढतं. मेथने खंगलेल्या माणसाला सुरुवातीला ते हवंसं वाटतं, नंतर तेच गोळी सोडायचं कारण होतं, म्हणून आधी सांगितलेलं बरं.

नाल्ट्रेक्सोनची गोष्ट जास्त जपण्यासारखी आहे. शरीरात अफूजन्य काही असताना ते दिलं तर भयंकर टर्की येते. त्यामुळे आधीचे सात ते दहा दिवस तसं काहीही घेतलेलं नसावं लागतं. विकत घेतलेल्या मेथमध्ये फेंटानिल, म्हणजे अफूसारखंच काम करणारं फार तीव्र औषध, मिसळलेलं असू शकतं, म्हणून "मी तर फक्त मेथ घेतो" यावर डॉक्टर विसंबत नाहीत, तपासणी करतात. इंजेक्शन दिल्यावर काही आठवडे मॉर्फिनसारखी वेदनाशामकं नेहमीसारखी चालत नाहीत. त्या काळात अपघात झाला किंवा ऑपरेशन लागलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं. इंजेक्शनची तारीख लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवायचं, आणि एक घरात कुणाकडे तरी.